मालकी तिची, वहिवाट त्याची

गेल्या अंकात आजच्या स्पेनमधल्या कास्तिल राज्याची राणी इसाबेल हिच्या मृत्युपत्राविषयी लिहिलं होतं. १२ ऑक्टोबर १५०४ रोजी मेदिना देल काम्पो इथे केलेल्या त्या मृत्युपत्रात तिने गरीब मुलींच्या लग्नांसाठी दहा लाख माराव्हेदी (तिथलं त्या काळचं चलन) ठेवले, आणि मठात जाऊ इच्छिणाऱ्या गरीब मुलींसाठी आणखी दहा लाख. त्यावर आलेल्या पत्रांत एकच विचारणा फिरून फिरून आहे: राणीचं ठीक, पण तिच्या राज्यातल्या बाकीच्या बायकांचं काय? कोलंबस निघाला तेव्हापासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं देते. मी इतिहासाची प्राध्यापक नव्हे. जिल्हा न्यायालयात वकिली केली, वाटपाचे, पोटगीचे, स्त्रीधनाचे दावे चालवले, आणि स्पॅनिश शिकले ती जुने दस्त वाचता यावेत म्हणून. त्यामुळे माझी नजर आधी कागदावर जाते. लिहून कोणी दिलं, साक्षीदार कोण, ताबा कोणाकडे.

ताई, गादीवर बाई होती म्हणजे तिथे बायकांना हक्क होते असं समजायचं का? – कायद्याचा विद्यार्थी, कोल्हापूर

राणीवरून प्रजेचा अंदाज करू नका. पण हक्क होते, आणि काही बाबतींत चांगले भक्कम होते.

आधी माहेरचं बघू. कास्तिलमध्ये मुलगी आईवडिलांची सक्तीची वारस होती, मुलाच्या बरोबरीने. बापाला मिळकतीतला फक्त पाचवा हिस्सा मर्जीप्रमाणे देता येई. उरलेल्यातला एक तृतीयांश एखाद्या लाडक्या अपत्याला जास्तीचा देण्याची मुभा होती, बाकी सगळ्या मुलामुलींना सारखं. कारणाशिवाय मुलीला वगळणारं मृत्युपत्र टिकत नसे. मोठ्या सरदार घराण्यांनी अख्खी जहागीर थोरल्याकडे राहावी म्हणून राजाच्या परवान्याने वेगळी सोय करून घेतली, तिथे मुली मागे पडल्या. पण शेतकरी, कारागीर, व्यापारी यांच्या घरांत वाटप सारखं होई. आपल्याकडे हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा मिळाला तो महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली. हे दावे मी चालवले आहेत, म्हणून पाचशे वर्षांपूर्वीचे ते दस्त वाचताना मला थांबून थांबून वाचावं लागतं.

आता सासरचं. लग्नानंतर बाईची माहेरून आलेली मिळकत तिचीच राही. शिवाय संसारात दोघांनी मिळून जे कमावलं, मग ते कोणाच्याही नावावर असो, त्यातलं निम्मं तिचं. नवरा गेला की आधी तिचं माहेरचं बाजूला काढायचं, देणी फेडायची, मग संसारातल्या कमाईचे दोन भाग करायचे, आणि नवऱ्याच्या भागाचंच काय ते वारसांत वाटप. त्याच काळात इंग्लंडमधली नवरेवाली बाई कायद्याच्या लेखी नवऱ्यात विरघळून गेलेली असे. तिच्या नावावर साधी जंगम मालमत्ताही उरत नसे.

इथवर वाचून छान वाटतं. पण १५०५ साली तोरो या गावी भरलेल्या सभेत ८३ कलमांचा एक कायदा जाहीर झाला, तो तोरोचा कायदा म्हणून ओळखतात. इसाबेल आदल्या नोव्हेंबरात वारली होती, आणि कायदा निघाला तिची मुलगी हुआना हिच्या नावाने. त्याची ५४ ते ६१ ही कलमं बायकोविषयी आहेत. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिने करार करायचा नाही, केलेला करार मोडायचा नाही, कोणाला कर्जातून मोकळं करायचं नाही, कोर्टात उभं राहायचं नाही. वारसाहक्काने आलेलं नाकारायचं झालं तरी परवानगी हवी. मालकी तिची आणि वहिवाट नवऱ्याची, असा हा प्रकार.

तरी या कलमांत फटी आहेत आणि त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. नवऱ्याला एकदाच सर्वसाधारण परवानगी देऊन टाकता येई, मग प्रत्येक वेळी विचारायला नको (कलम ५६). रास्त कारण असून नवरा अडून बसला तर न्यायाधीशाने त्याला भाग पाडायचं, आणि तरीही तो ऐकत नसेल तर न्यायाधीशाने स्वतः परवानगी द्यायची (कलम ५७). नवरा परगावी असेल आणि लवकर परतण्याची चिन्हं नसतील तरी न्यायाधीशाची परवानगी चाले (कलम ५९). संसारातल्या कमाईवरचा हक्क तिने सोडला तर नवऱ्याच्या कर्जाची झळ तिला नाही (कलम ६०). आणि ६१ वं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: बायकोने नवऱ्यासाठी जामीन राहायचं नाही. राहिली तरी तो जामीन रद्द.

मग कर्ज देणाऱ्या सावकारांनी काय केलं? त्या वेळच्या नोटरीच्या दस्तांत शेवटी एक लांबलचक मजकूर येतो. बाई म्हणते की माझ्या संरक्षणासाठी असलेले कायदे, रोमन काळापासूनचे आणि तोरोचेही, मला या नोटरीने समजावून सांगितले, ते समजून घेऊन मी त्यांवरचा माझा हक्क सोडते, नवऱ्याने जबरदस्ती केलेली नाही, धाक घातलेला नाही, असं मी क्रुसाची खूण करून शपथेवर सांगते. खाली साक्षीदार. आणि पुष्कळदा शेवटची ओळ अशी की बाईला लिहिता येत नाही म्हणून तिच्या सांगण्यावरून एका साक्षीदाराने सही केली. भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर अंगठा उठवणाऱ्या बहिणी मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पाहिल्या आहेत, त्यांच्याही दस्तात ‘राजीखुशीने’ हा शब्द असतोच. कायद्याने दिलेलं संरक्षण काढून घेण्याची जागा कायद्याच्या कागदावरच तयार होते, हे मला तेव्हापासून कधी विसरता आलं नाही.

दोते म्हणजे आपला हुंडाच ना? नाव वेगळं, जाच तोच! – एका मुलीची आई, लातूर

तुमचा राग समजतो, पण इथे फरक आहे आणि तो पैशांत मोजता येतो.

हुंडा वरपक्षाच्या घशात जातो. दोते मात्र कायद्याने बायकोची मिळकत असे. नवऱ्याने ती सांभाळायची, तिच्या उत्पन्नातून संसार चालवायचा, आणि लग्न संपलं की मूळ दोते तिला किंवा तिच्या वारसांना जशीच्या तशी परत करायची. लग्नाच्या आगेमागे नवरा नोटरीसमोर पावती लिहून देई. अशी एक पावती जवळून बघण्यासारखी असते. लोकरीच्या गाद्या किती, चादरी किती आणि कोणत्या कापडाच्या, उशा, मेजावरची वस्त्रं, पेटी, झगे आणि त्यांचे रंग, चांदीचे चमचे, जोडीला कुठे द्राक्षमळ्याचा तुकडा, कुठे ऑलिव्हची झाडं. प्रत्येक जिनसेपुढे किंमत, आणि ती ठरवायला दोन्ही बाजूंनी एकेक माणूस नेमलेला. शेवटी एकूण रक्कम आणि नवऱ्याची हमी: माझी सगळी मिळकत या रकमेला तारण. सेव्हिलच्या सधन घरांतल्या याद्यांत कधी गादी-चादरींच्याच रांगेत एखादी गुलाम मुलगी येते, तिचं वय आणि किंमत लिहून. एका बाईच्या हक्काचा कागद तो, आणि त्याच कागदावर दुसरी बाई जिन्नस म्हणून नोंदलेली. यादी वाचताना ती ओळ ओलांडून पुढे जाऊ नये.

या पावतीची ताकद संकटात दिसे. नवऱ्याचं दिवाळं निघायला लागलं, तो जुगारात उधळू लागला, तर बायको लग्न टिकून असतानाच कोर्टात जाऊन दोते परत मागू शके, आणि तिचं येणं बहुतेक सावकारांच्या आधी उभं राही. वायादोलिद आणि ग्रानादा इथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या दप्तरांत असे दावे भरपूर आहेत. काही दावे नवराबायकोने संगनमताने घर वाचवण्यासाठी लावलेले असत, हेही सावकारांच्या तक्रारींवरून कळतं.

शिवाय नवऱ्याकडूनही बायकोला देणगी मिळे, तिला आर्रास म्हणत. तिची कमाल मर्यादा त्याच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शाची, आणि ती बायकोची होई. मूलबाळ नसताना बायको वारली तर आर्रास तिच्या माहेरच्या वारसांकडे जाई, नवऱ्याकडे नाही. तोरोच्या ५२ व्या कलमात तर असंही आहे की वाङ्‌निश्चय झाल्यावर लग्नाआधीच वर वारला, तर त्याने दिलेल्या भेटींतल्या निम्म्या मुलीने ठेवायच्या, मात्र दोघांत चुंबन झालेलं असेल तर.

जाच तोच, हे तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही. दोतेचे आकडे वाढत गेले. राजाने पुन्हा पुन्हा मर्यादा घातल्या, १६२३ सालच्या फर्मानातही घातल्या, आणि लोकांनी त्या पाळल्या नाहीत. मठात प्रवेश घ्यायलाही दोते लागे, पण ती लग्नाच्या मानाने कमी, म्हणून दोन मुलींचं लग्न आणि तिसरीला मठ, असे हिशेब घराघरांत झाले. त्या तिसरीला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. गरिबाघरच्या मुली लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी राबत, आणि लग्नाच्या वेळी एकरकमी मिळणारा पगार हीच त्यांची दोते. सेव्हिलमध्ये अनाथ मुलींना दोते देणाऱ्या धर्मादाय संस्था होत्या. आणि राजघराण्यातही सुटका नव्हती: इसाबेलची धाकटी मुलगी काथेरिन १५०१ साली इंग्लंडच्या युवराजाला दिली, दोते ठरली दोन लाख सुवर्णनाण्यांची, निम्मी पोचती झाली, आणि १५०२ च्या एप्रिलात नवरा गेला. पुढे सात वर्षं तिचा बाप आणि तिचा सासरा उरलेल्या निम्म्यासाठी घासाघीस करत राहिले. ती पोर परक्या देशात हात आखडून दिवस काढत होती. पुढे आठव्या हेन्रीशी लग्न झालेली काथेरिन ती हीच.

आमच्या गोव्यात नवराबायकोची मिळकत निम्मी-निम्मी असते. हे स्पेनकडून आलं का? – मडगाव

पोर्तुगालकडून आलं. दोन्ही देशांच्या कायद्यांचं मूळ एकच, जुनं रोमन आणि त्यावर व्हिसिगॉथ या रोमनांनंतर तिथे राज्य केलेल्या लोकांची रीत. फरक असा की कास्तिलमध्ये फक्त लग्नानंतरची कमाई निम्मी होई, तर पोर्तुगालमध्ये वेगळा करार केला नसेल तर लग्नाआधीची धरून सगळीच मिळकत एकत्र होई. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि गोवा स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होते. पोर्तुगालची १६०३ ची कायदेसंहिता याच राजाच्या नावाने निघाली आणि तिच्यात ही जुनी पोर्तुगीज रीत कायम राहिली. १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, ती तुमच्या परिचयाची आहेच. आईवडिलांना निम्मी मिळकतच मर्जीने देता येते, हा तुमच्याकडचा नियम कास्तिलच्या त्या पाचव्या हिश्शाचा चुलतभाऊ म्हणावा असा.

त्या काळी प्रेमविवाह चालत होता का? घरच्यांची संमती लागायची? – पुणे

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण चर्चच्या नियमाप्रमाणे लग्न वैध व्हायला आईबापांची संमती लागत नव्हती. मुलगी १२ वर्षांची, मुलगा १४ चा, आणि दोघांचा होकार, एवढं पुरे. १५६३ पर्यंत तर पाद्रीही लागत नव्हता. दोघांनी एकमेकांना ‘आजपासून तू माझी, मी तुझा’ असं म्हटलं की देवासमोर लग्न लागलं. याचा फायदा कोणी घेतला असेल ते सांगायला नको. एकांतात वचन, बोटात अंगठी, पुढे मुलगी गरोदर, आणि तो माणूस म्हणतो मी असं बोललोच नव्हतो. चर्चच्या न्यायालयांत अशा मुली दाद मागत. कोणी अंगठी दाखवी, कोणी शेजारणीला साक्षीला आणी.

११ नोव्हेंबर १५६३ रोजी कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने ठरवलं की यापुढे गावचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोर झालेलं तेच लग्न, आणि त्याआधी तीन सणवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा. पुढच्याच वर्षी राजा दुसऱ्या फिलिपने हे ठराव स्पेनमध्ये लागू केले. फ्रान्सच्या दरबाराने आईबापांची संमती सक्तीची करा म्हणून जोर लावला होता. धर्मसभेने ते मानलं नाही.

घरच्यांनी मुलीला कोंडून ठेवलं तर? तर चर्चचा न्यायाधीश तिला घरातून काढून एखाद्या प्रतिष्ठित घरात किंवा मठात ठेवू शके. तिथे, घरच्यांच्या गैरहजेरीत, तिला विचारलं जाई: तुझी इच्छा काय? ही पद्धत पुढे मेक्सिकोतही चालली. महिलांच्या आश्रयगृहात मुलीचा जबाब घ्यायला मी स्वतः गेले आहे, म्हणून या तरतुदीविषयी मला आदर आहे.

पण पोटाला काय? तोरोच्या ४९ व्या कलमाप्रमाणे चोरून लग्न करणाऱ्या मुलीला आईबाप वारसातून काढू शकत. मुलीला, लक्षात घ्या. मुलाचं नाव त्या वाक्यात नाही. म्हणजे चर्चने दिलेलं स्वातंत्र्य सरकारी कायद्याने दोतेच्या टोकाशी अडवून धरलं होतं. आणि १७७६ साली राजा तिसऱ्या कार्लोसने पंचविशीच्या आतल्या सगळ्यांना बापाची संमती सक्तीचीच केली, दोन वर्षांनी अमेरिकेतल्या वसाहतींतही.

नवरा मारत असेल तर बाई कुठे जायची? (नाव-गाव छापू नये)

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या स्वतःच्या बाबतीतलं उत्तर वेगळ्या पाकिटातून पाठवलं आहे. इथे फक्त त्या काळाचं लिहिते.

नवऱ्याने बायकोला ‘बेताने’ शिक्षा करणं त्या समाजाला मान्य होतं. बेत ओलांडला तर क्रूरता, आणि क्रूरतेच्या कारणावर चर्चचं न्यायालय दोघांना वेगळं राहण्याची परवानगी देऊ शके. लग्न मात्र तुटत नसे, दोघांपैकी कोणालाही पुन्हा लग्न करता येत नसे. व्यभिचाराच्या बाबतीत तर कायदा निर्दय होता: दोषी ठरलेली बायको आणि तिचा जोडीदार नवऱ्याच्या हवाली केले जात. तोरोच्या ८२ व्या कलमाने एवढंच केलं की नवऱ्याने कोर्टात न जाता स्वतःच्या हाताने दोघांना मारलं, तर बायकोची दोते त्याला मिळणार नाही. माझ्या मते हे कलम लिहिणाऱ्यांना माहीत होतं की काही खून दोतेसाठी होतात.

आल्काला दे एनारेस या गावच्या फ्रान्सिस्का दे पेद्रासाचं नाव तुम्ही लक्षात ठेवा. अनाथ मुलगी, मठात वाढलेली. हेरोनिमो दे हारास नावाच्या माणसाशी लग्न झालं आणि मारहाण सुरू झाली. ती सरकारी न्यायालयात गेली. त्यांनी सांगितलं, लग्नाची बाब चर्चची, तिकडे जा. ती चर्चच्या न्यायालयात गेली. त्यांनी नवऱ्याला नीट वाग म्हणून समज दिली आणि तिला परत त्याच घरी पाठवलं. मारहाण वाढली. गरोदर असताना त्याने तिला भर रस्त्यात मारलं आणि तिचा गर्भ गेला. ती पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी पोपच्या राजदूताकडून दुसऱ्या न्यायासनापुढे दाद मागण्याची परवानगी मिळवून आली.

आल्कालाच्या विद्यापीठाला स्वतःचं न्यायालय होतं, आणि कुलगुरू तिथे न्यायाधीश म्हणून बसे. १६२४ साली कुलगुरू आल्वारो दे आयाला याने निकाल दिला: दोघांनी वेगळं राहावं, हेरोनिमोने तिची दोते परत करावी, आणि त्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तिला यापुढे कोणताही त्रास देऊ नये. ‘किंवा नातेवाइकांनी’ हे शब्द वाचून मी पेन खाली ठेवलं. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण आदेश आला, त्यातही नवऱ्याचे नातेवाईक धरलेले आहेत, कारण बाईला एकटा नवरा क्वचितच छळतो.

फ्रान्सिस्काला जे मिळालं ते सगळ्यांना मिळत होतं असं मात्र समजू नका. दोन दारं तिच्या तोंडावर बंद झाली होती आणि तिने तिसरं शोधलं. पहिल्याच दारातून मुकाट परत गेलेल्या बायका किती, हे दप्तरात सापडत नाही.

माझे मिस्टर जहाजावर असतात. स्पेनमधले दर्यावर्दी वर्षानुवर्षं अमेरिकेत राहायचे, त्यांच्या बायका कशा जगत? – रत्नागिरी

व्हेनिसचा राजदूत नावाजेरो १५२६ साली सेव्हिलला आला. त्याने लिहून ठेवलं की इतके पुरुष समुद्रापार गेले आहेत की शहर जवळजवळ बायकांच्याच हाती आहे. अमेरिकेशी होणारा सगळा व्यवहार १५०३ साली स्थापन झालेल्या सेव्हिलच्या व्यापारगृहातून चाले. विवाहित माणसाला जायचं तर बायकोची संमती दाखवावी लागे, आणि व्यापाऱ्याला ठराविक मुदतीत परत येण्याचा जामीन द्यावा लागे. मुदत उलटली तर बायको इथे अर्ज करी आणि तिकडच्या अधिकाऱ्यांना हुकूम जाई: याला पकडून जहाजावर चढवा, नाहीतर याने बायकोला बोलावून घ्यावं. वसाहतींच्या कायद्यांचा जो संग्रह १६८० साली निघाला, त्यात याच विषयावर एक अख्खं प्रकरण आहे.

हुकूम निघत, पण मेक्सिकोत किंवा पेरूत जाऊन माणूस शोधणार कोण? काहींनी तिकडे नाव बदलून दुसरं घर थाटलं. लिमाला १५७० आणि मेक्सिकोला १५७१ साली बसलेल्या धर्मन्यायालयांपुढे दोन बायका केलेल्या पुरुषांचे पुष्कळ खटले आले. फटके आणि गलबतावर वल्ही मारण्याची सजा होई. इकडच्या बायकोची स्थिती वाईट: मृत्यूचा पुरावा नाही म्हणून ती विधवा नाही, आणि विधवा नाही म्हणून हात मोकळे नाहीत. तोरोचं ५९ वं कलम तिच्या कामी येई ते इथे. न्यायाधीशाची परवानगी घेऊन ती घर भाड्याने देई, येणं वसूल करी, मुलीची दोते ठरवी. शहाण्या बायका नवरा बोटीत चढण्याआधीच त्याच्याकडून मुखत्यारपत्र करून घेत. तुम्हीही घ्या.

खरं वैधव्य आलं की मात्र बाईची सही तिची स्वतःची होई. ती धंदा चालवी, दावे लावी, मुलांची पालक होई. पुन्हा लग्न केलं तर पालकत्व जाई, म्हणून पोटापुरतं गाठीशी असलेल्या पुष्कळ विधवा एकट्याच राहिल्या.

आणि काही जणी स्वतःच गेल्या. इसाबेल दे गेवारा १५३५ च्या पेद्रो दे मेंदोसाच्या ताफ्यातून ला प्लाता नदीच्या मुखाशी उतरली. तिथे वसवलेल्या ब्वेनोस आयरेसमध्ये उपासमारीने माणसं पटापट मेली. २ जुलै १५५६ रोजी तिने आसुन्सिओनहून (आजच्या पॅराग्वेची राजधानी) स्पेनचा कारभार पाहणाऱ्या राजकन्या हुआनाला (तोरोच्या कायद्यातली राणी हुआना वेगळी) पत्र लिहिलं. पुरुष अशक्त होऊन पडले तेव्हा त्यांचे कपडे धुणं, रांधणं, शुश्रूषा तर आम्ही केलीच, पण पहारा दिला, धनुष्यं चालवली, नदीतून वर जाताना शिडं सांभाळली आणि वल्हीही मारली, असं ती सांगते. आणि मग येते मुद्द्यावर: जमीन-माणसांचं वाटप झालं तेव्हा मला काही दिलं नाही. मला कायमचा वाटा द्या आणि माझ्या नवऱ्याला हुद्दा द्या. केलेल्या कामाचा मोबदला इतक्या सरळ शब्दांत मागणारी त्या काळातली दुसरी बाई मला माहीत नाही.

पण तो वाटा म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची मेहनतच ना? त्यांच्या बायकांचं काय? – नागपूर

होय, तोच. इसाबेल दे गेवारा मागत होती ती ग्वारानी लोकांची वेठ. तिचं पत्र वाचताना ऊर भरून येतो आणि या ठिकाणी अडखळतो, आणि अडखळलंच पाहिजे.

मूळ रहिवासी स्त्रियांशी लग्न करायला स्पॅनिश पुरुषांना १५१४ च्या राजाज्ञेने उघड परवानगी होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी लग्नाशिवायच त्यांना घरात ठेवलं. मेक्सिकोतल्या आश्तेक (अ‍ॅझ्टेक) लोकांचा सम्राट मोक्तेसुमा याची मुलगी तेक्विच्पो, बाप्तिस्म्यानंतर इसाबेल, हिला मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसने १५२६ साली ताकुबा गावाचा महसूल आणि वेठ दोते आणि आर्रास म्हणून लावून दिली. तिच्याच बापाच्या राज्याचा तुकडा तिलाच आहेर म्हणून! तिचं एकामागून एक तीन स्पॅनिश पुरुषांशी लग्न झालं. मधल्या काळात तिला खुद्द कोर्तेसपासून मुलगी झाली. ती १५५० साली वारली तेव्हा केलेल्या मृत्युपत्रात तिने आपल्याकडच्या मूळ रहिवासी गुलामांना मोकळं केलं. ताकुबावरून तिच्या मुलांत आणि शेवटच्या नवऱ्यात दावे चालले.

राजाच्या नियमांप्रमाणे अशी वेठीची गावं मुलाकडे, तो नसेल तर मुलीकडे, मूलच नसेल तर विधवेकडे जात. वारस मुलीने वर्षाच्या आत लग्न करायचं अशी अट होती, कारण गावाबरोबर घोडा आणि शस्त्र घेऊन राजाची चाकरी येई. विधवांवरही अधिकाऱ्यांचा दबाव असे. गाव हवं असेल तर नवरा करा, आणि नवरा कोण हे पुष्कळदा आधीच ठरलेलं. ताकुबाच्या किंवा आसुन्सिओनच्या शेतात राबणाऱ्या बाईला मात्र दोतेची पावती करून देणारा नोटरी भेटला नाही. तिच्याबद्दल मला जे कळतं ते तिच्या मालकांच्या कागदांतूनच.

हे दस्त बघायला स्पेनला जावं लागतं का? – सोलापूर

नाही. ‘पारेस’ या नावाचं स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचं संकेतस्थळ आहे. सेव्हिलच्या वसाहत-दप्तराची आणि वायादोलिदच्या न्यायालयाची असंख्य पानं त्यावर फुकट पाहता येतात. स्पॅनिश येत असलं तरी सोळाव्या शतकातलं गुंतागुंतीचं अक्षर वेगळं शिकावं लागतं. मोडी लिपी वाचायला बसलेल्यांना तो त्रास ओळखीचा वाटेल. सुरुवात दोतेच्या पावत्यांपासून करा. त्यांतला मजकूर ठराविक असतो आणि जिनसांची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे डोळा लवकर बसतो.